पेंटर व्हायला मुंबईत आलेला मुलगा सायकलवाला झाला आणि त्याच्या नावाचं रेल्वे स्टेशन उभं राहिलं

वसई-विरारमध्ये सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. खाऱ्या हवेत साखळी चार पावसाळी दिवस तेलाविना राहिली, की तिला गंज चढायला लागतो आणि पायडल कुरकुरायला लागतं. हल्ली पायडल मारून चालवायच्या कायाक मिळतात, त्यांचंही तसंच आहे. क्रँक, गिअर, बेअरिंग आणि पाण्याखाली फिरणारा पंखा. खाडीतून बाहेर आलात की आधी गोड्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, मग ग्रीस भरायचं. आळस केलात तर मीठ आत शिरून बेअरिंग खातं.

पायडलवर चालणारं यंत्र विकत घेणं सोपं असतं, ते चालतं ठेवणं अवघड. पण या अवघड कामातूनच महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कारखानदाराची सुरुवात झाली. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाला मात्र दोनच नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं न्याहाळायची. वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, पैसेही दिले. 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं दोन वर्षांनी कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा होता. चित्रकाराच्या वाटेवर यापेक्षा मोठी धोंड कोणती?

रंग सुटले, रेघ मात्र सुटली नाही. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग चालू ठेवलं. त्याच जोरावर नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. पगारापेक्षा मोठी कमाई होती ती तिथल्या वर्कशॉपची. मोकळा वेळ मिळाला की हे यंत्रांपाशी.

आता सायकल. 1885 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांची रोव्हर सायकल आली. त्याआधीच्या उंच सायकलींचं पायडल थेट पुढच्या मोठ्या चाकाला जोडलेलं असे. रोव्हरमध्ये दोन्ही चाकं साधारण एका मापाची होती आणि पायांचा जोर साखळीतून मागच्या चाकाला मिळायचा. पडायची भीती कमी झाली, देखभाल वाढली. कारण साखळी आली की तिला तेल आलं, ताण आला. ढिली पडली तर निसटते, फार ताणली तर पायडल जड होतं.

हे नवं वाहन लक्ष्मणरावांनी हेरलं. 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. मुंबईहून सायकली पाठवायच्या लक्ष्मणरावांनी आणि दुकान बघायचं रामुअण्णांनी. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चीज होती. चालवायला शिकवायचेही पैसे घेतले जात, तब्बल 15 रुपये! सोबत दुरुस्तीही होतीच. विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसेल, बिघडली तर नीट करता येत नसेल, तर दुसरा गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकणार कशाला?

पुढे नोकरीत हक्काची बढती डावलली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

सायकली दुसऱ्याने बनवलेल्या होत्या. आता स्वतःचं काहीतरी घडवायचं होतं. आधी कडबा कापायचं यंत्र आलं, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. इथं मात्र गाडी अडली. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. आज हसू येईल, पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. लोखंडी मोडला तर जायचं कुणाकडे?

जम बसतोय तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. शहर वाढत होतं, तिथल्या नगरपालिकेला जागा हवी होती. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. जमीन म्हणजे 32 एकर माळरान, निवडुंग आणि साप. 1910 मध्ये कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथं येऊन राहिली. बायकामुलांना घेऊन त्या माळावर उतरणाऱ्या माणसांची छाती कारखान्याच्या मालकापेक्षा कमी नव्हती, एवढं मान्य करायला हवं. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना त्यांनी पहारेकरी म्हणून ठेवलं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

मग उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, 1926 मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप आला. चरक असो की पंप, फिरणारा दांडा आणि त्याला पेलणारं बेअरिंग सगळीकडे होतंच. म्हणजे सायकलच्या दुकानातलीच दुखणी, फक्त आकार मोठा.

26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. पुणे-मिरज मार्गावर सांगली जिल्ह्यात आजही किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. त्याचं जुनं नाव कुंडल रोड.