रमाबाई रानडे : ओळखीचे भांडवल

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन याच जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले. त्या दिवशी तिला व्यासपीठ मिळाले. परंतु तिच्यासारख्या शेकडो भगिनींपुढचा प्रश्न व्यासपीठाचा नाही. शिवण किंवा परिचर्या शिकून झाल्यावर काम कोणाच्या ओळखीने मिळावयाचे, हा तो प्रश्न आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाई रानडे यांनी तो हाती घेतला होता. न्यायमूर्तींची सहधर्मचारिणी म्हणून त्यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या या कामाचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो.

१८६२ साली कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतः विधुर असूनही कुमारिकेशी विवाह करतो, म्हणून सुधारकांनी रानड्यांना दोष दिला आणि तो अनाठायी नव्हता. रानड्यांनी पत्नीस अक्षरओळखीपासून शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. पुण्यात मुलींच्या इंग्रजी शाळेसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा तर घरी आल्यावर त्यांना टोमण्यांचा भडिमार सोसावा लागला. त्यांनी उलट उत्तर केले नाही. पण शिकणेही सोडले नाही.

नाशिकच्या मुक्कामातील एक गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. तेथे रमाबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातील बायकांना एकत्र आणीत. घराबाहेर पडण्यास बाईला जे एकमेव सर्वमान्य कारण होते, त्याचाच त्यांनी उपयोग केला. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या आर्य महिला समाजात आणि मग मुंबईच्या वास्तव्यात हाच परिचयाचा पसारा वाढत गेला. पुरुषांना कचेरी, क्लब, बाररूम आणि सभा होत्या. एकमेकांच्या शब्दावर नेमणुका होत. स्त्रियांना असे स्थान नव्हते. ते आपण निर्माण करीत आहोत, याची जाणीव रमाबाईंना आरंभी कितपत असेल कोण जाणे!

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती निवर्तले. वयाच्या चाळिशीआत आलेल्या वैधव्यानंतर काही काळ त्यांनी जनसंपर्क सोडला. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन उभे केले. येथे शिक्षिका तयार झाल्या, शिवणकाम शिकविले गेले. परंतु खरी कसोटी लागली ती परिचारिकांच्या वर्गाची. परक्या पुरुषाच्या जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, कोणाच्याही शरीराला स्पर्श करायचा, हे उच्चवर्णीय घरांना लांच्छनास्पद वाटे. तरीही त्या घरांनी आपल्या विधवा मुली धाडल्या, कारण हमी रमाबाईंची होती. रूढ आचार पाळणाऱ्या, संयमी रमाबाईंवर सनातन्यांचाही विश्वास होता. काही सुधारकांना हा संयम भित्रेपणाचा वाटला असेल. मला तो व्यवहारी वाटतो. न्यायमूर्तींच्या पत्नीस अधिकाऱ्यांची, डॉक्टरांची दारे उघडी होती. त्या दारांतून त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना आत नेले.

या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही ओळख मुख्यतः एका वर्गाची, पुण्या-मुंबईची होती. यवतमाळच्या तांड्यावरील बंजारा स्त्रीला किंवा पोडावरील कोलाम मुलीला अशी हमी देणारी रमाबाई लाभली नाही. आता जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बचत गट आहेत, प्रशिक्षणाचे वर्ग आहेत. गटामुळे कर्ज मिळते आणि वर्गातून प्रमाणपत्र. जागा कोठे रिकामी आहे, मुलाखतीला काय विचारतात, वसतिगृह कोणते विश्वासाचे, हे मात्र ज्याच्या घरात नोकरी आहे त्यालाच आधी कळते. आणि कोरडवाहू कापसाच्या घरात ती बहुधा नसते. निवृत्त मुख्याध्यापिका आणि परिचारिका, बँकेतील व पंचायत समितीतील स्त्रिया यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथे पुष्कळ आहेत. त्या संक्रांतीला एकमेकींकडे जातातही. त्या हळदीकुंकवाला पांढरकवड्याची किंवा झरी जामणीची एखादी विधवा मुलगी बोलावली जाते काय?

अखेरच्या वर्षांत रमाबाई मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटत होत्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सेवासदनात शिकलेल्या परिचारिका व शिक्षिका आपल्या मिळकतीवर उभ्या होत्या.