कै. नाईक यशवंत घाडगे

बारामती-इंदापूरकडील आमच्या वाचकांस लोणी भापकरचे वीरगळ ठाऊक असतील. रणात पडलेल्याचे युद्ध अशा शिळांवर कोरलेले असते. नाव बहुधा नसते. आज आम्ही ज्या मराठी शिपायाचे चरित्र सांगत आहो, त्यांचे नाव शिळेवर आहे, परंतु कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही.

यशवंत घाडगे यांचा जन्म 1921 साली माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. तो जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड होय. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक इटलीत लढले. त्यांत ही पलटणही होती.

ता. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला आणि घाडगे यांच्या हाताखालची सारी माणसे मेली किंवा जखमी झाली. ते एकटेच धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांचा नाश केला आणि दुसऱ्या एकास गोळी घातली. बंदूक पुन्हा भरण्यास अवकाश नव्हता, म्हणून तिची नळी धरून उरलेल्या दोघांस ठार केले. इतक्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो 1945 साली त्यांच्या विधवा पत्नीने स्वीकारला. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, त्यांच्यासाठी इटलीत कॅसिनो येथे उभारलेल्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

मेलेले शत्रूही कोणा आईचे पुत्र होते, हे आम्ही विसरत नाही. मनुष्यवधाचा आनंद मानणे ख्रिस्ताच्या शिष्यांस शोभत नाही. परंतु ज्यांचा भार आपल्यावर सोपविला त्यांस सोडून न जाणे, हे घाडगे यांजपासून शिकावे. 2023 साली इटलीतील मोंतोने गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. स्वर्गीय पिता आपला सूर्य चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच उगवितो, या प्रभूच्या शिकवणीची आठवण ते पाहून व्हावी.

बंधुभगिनींनो, आपल्या गावातही असे एखादे घर असेल, जेथील मनुष्य पलटणीत गेला आणि परतला नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर त्या घरी जा, आणि त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा.