डोळ्याआडच्या दुनियेचा वाटाड्या : शं. पु. आघारकर

वाचकहो, २०२० सालचा जून महिना आठवतो? कोरोनाची टाळेबंदी होती, एसटी थंडावली होती, माणसं घरात बसून होती. तेवढ्यात बातमी आली, लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. आपल्या बाप-आज्यांनी हिरवंगार पाहिलेलं ते पाणी असं एकाएकी रंग कसं बदलतं? लोणासुराची कथा आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. त्यामुळे ज्याला जे सुचलं ते तो बोलू लागला.

प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. वन विभागाने पाण्याचे नमुने घेतले आणि तपासणीसाठी दोन ठिकाणी पाठवले. एक नागपूरची नीरी, आणि दुसरी पुण्याची आघारकर संशोधन संस्था. पुण्याच्या संस्थेने काय सांगितले ते पुढे येईलच. पण ज्यांच्या नावाची ही संस्था आहे ते आघारकर कोण, हे आपल्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे?

पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. तुम्ही म्हणाल, आघारकर म्हणजे आपले अकोल्यात शिकलेले, सुधारक म्हणून गाजलेले गोपाळ गणेश आगरकर. तर नाही. ते आगरकर वेगळे, हे आघारकर वेगळे. गंमत म्हणजे पुण्यात ही आघारकर संस्था उभी आहे ती नेमकी गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर! तेव्हा पत्र टाकणाऱ्याचाही गोंधळ व्हावा अशीच परिस्थिती.

नदीतली काचेची छत्री

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी शिकलेला मराठी मुलगा बहुधा वकील व्हायचा किंवा सरकारी कचेरीत लागायचा. हा गडी मात्र सह्याद्रीच्या डोंगरदऱ्या, ओढे नि नद्या धुंडाळत फिरायचा. झाडपाला, किडामुंगी, पाण्यातले जीव गोळा करायचे आणि भिंगाखाली धरून निरखायचे, हा त्याचा नाद.

या नादातून एक मोठा शोध लागला. कृष्णेच्या खोऱ्यात, साताऱ्याकडच्या नद्यांत, त्यांना एक नवलाचा प्राणी दिसला. लहानशा नाण्याएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा, छत्रीसारखा उघडमीट करत पोहणारा. समुद्रकाठी लाटेबरोबर जेलीफिश वाहून येतात ना, त्यांच्या जातकुळीतला. पण जेलीफिश खाऱ्या पाण्यात राहणार. आणि ही छत्री तर गोड्या पाण्यात, तीही डोंगरातल्या नदीत!

असला गोड्या पाण्यातला जीव तोपर्यंत आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणीच माहीत होता. मग तो साताऱ्याच्या नदीत कुठून आला? मधे तर एवढा मोठा समुद्र. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नामांकित प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी या जिवाचे वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. १९१२ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्याची वार्ता आली. मालवणच्या या तरुणाचे वय तेव्हा तिशीच्या आत होते.

त्या छत्रीचा काठ सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे खरी कमाल दिसते. काठाला बारीक सोंडा असतात, आणि सोंडांवर डंखाच्या पेशी. प्रत्येक पेशीत एक इवलीशी कुपी, आणि कुपीत धाग्याची गुंडाळी, कणीस गोफणीने राखणाऱ्याच्या हातातल्या गुंडाळलेल्या दोरीसारखी. भक्ष्याचा स्पर्श झाला की धागा सुटलाच! नदीकाठी धुणं धुणाऱ्या आयाबायांच्या पायाशी हे सगळं चालू होतं, पण दिसलं ते भिंग लावून पाहणाऱ्याला.

बर्लिनमध्ये अडकले, पण थांबले नाहीत

कलकत्त्याचे मोठे वकील सर राशबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली होती. त्या पैशातून विज्ञानाची अध्यासने निघाली. अट एकच, प्राध्यापक भारतीयच असला पाहिजे. इंग्रजांच्या राज्यात ही अट केवढी मोठी, याचा विचार करा. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी माणसं पारखून निवडत. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी १९१४ साली त्यांनी आघारकरांना निवडले.

काम सुरू करण्याआधी पुढच्या अभ्यासासाठी आघारकर जर्मनीला गेले. आणि नेमके त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात, इंग्रज जर्मनांचे शत्रू, म्हणून आपला माणूसही त्यांच्या लेखी शत्रूच. आघारकरांना स्थानबद्ध करण्यात आले. परका मुलूख, परकी भाषा, घरची खबरबात नाही, युद्ध कधी संपेल याचा पत्ता नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. हे मात्र सुटका होताच पुन्हा अभ्यासाला लागले. बर्लिन विद्यापीठात अ‍ॅडॉल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

विषय कोणता घेतला माहीत आहे? वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या मुलखातली झाडं-झुडपं. कमी पाण्यात ती तग कशी धरतात, त्यांचं बी कसं पसरतं, ती मुळात आली कुठून, याचा त्यांनी शोध घेतला. आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला हा विषय वेगळा सांगायला नको. बांधावरची बाभूळ उन्हाळ्यातही हिरवी कशी राहते, हा प्रश्न आपण रोज डोळ्यांनी पाहतो. त्यांनी तसल्याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

धांड्याच्या कापातली नक्षी

१९२० साली आघारकर कलकत्त्याला परतले. तिथून १९४६ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, त्यांनी वनस्पतिशास्त्राचा विभाग सांभाळला आणि वाढवला. वनस्पतींची रचना हा त्यांचा खास प्रांत.

रचना म्हणजे काय, ते घरच्याच उदाहरणाने पाहू. ज्वारीचा हिरवा धांडा घ्या. वस्तऱ्याच्या पात्याने त्याचा कागदाहून पातळ आडवा काप काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. उघड्या डोळ्यांना तो पांढरट भुसा. पण आत पाहाल तर चाळणीसारखी जाळी, आणि तीत ठिकठिकाणी विखुरलेले ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्यांचा जुडगा. नीट पाहिलं तर त्यात दोन डोळे आणि तोंड असलेला चेहराच दिसतो! आता तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या कोवळ्या खोडाचा काप पाहा. इथे तेच जुडगे विखुरलेले नाहीत, गोलाकार रांगेत बसलेले आहेत, रिंगणातल्या वारकऱ्यांसारखे. शेजारशेजारच्या तासातली दोन पिकं, पण आतली बांधणी अगदी निराळी. ही नक्षी कोणासाठी काढलेली नाही, कोणी पाहावी म्हणून मांडलेली नाही. पण पाहील त्याला ती झाडाचा स्वभाव सांगते.

निवृत्तीनंतरचा संसार

कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानासाठी एक संस्था काढली होती. तिथेच काम करून सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये नोबेल मिळवून देणारा शोध लावला. असे घर महाराष्ट्रात का नसावे? आघारकर निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. आरामखुर्ची टाकून बसायचे ते दिवस. पण १९४६ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. इंग्रजीतले तिचे नाव कलकत्त्याच्या संस्थेच्या धर्तीवरच होते. तिचे संस्थापक-संचालक म्हणून ते अखेरपर्यंत राबले. २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

माणूस गेला, पण लावलेलं झाड वाढत राहिलं. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. बुरशींच्या हजारो वाणांचा राष्ट्रीय संग्रह आज तिथे आहे. डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांचाही मोठा संग्रह तिथे जपला आहे. नाल्यातल्या दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर असतो, पाय घसरतो तो. त्यात हे डायटम लाखोंनी असतात. प्रत्येकाला काचेसारखं कवच, आणि कवचावर सोनारालाही जमणार नाही अशी रेषा-ठिपक्यांची कलाकुसर. कोणी होडीसारखा, कोणी चकतीसारखा. आणि नुसतेच देखणे नाहीत. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा हे तयार करतात.

सोयाबीनवरही या संस्थेने १९६८ पासून काम केले. एमएसीएस हे नाव लावून आलेले सोयाबीनचे वाण आपल्यातल्या जाणत्या शेतकऱ्यांना आठवत असतील. त्या नावातली अक्षरं म्हणजेच ही विज्ञानवर्धिनी.

गुलाबी पाण्याचा उलगडा

आता पुन्हा लोणारला येऊ. आघारकर जाऊन साठ वर्षं होत आली होती, तेव्हा आपल्या सरोवराचं पाणी त्यांच्या संस्थेत पोचलं. आधी शास्त्रज्ञांना वाटले, हे ड्युनालिएला नावाच्या तांबड्या शैवालाचे काम असावे. तपासणीत ते निघाले नाही. निघाले ते हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यातच सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव. त्यांच्या अंगातच गुलाबी रंगद्रव्य असते. पाऊस कमी, उन्हाळा कडक, पाण्याची वाफ झालेली, माणसांचा वावरही थांबलेला. त्यामुळे खार आणि सामू वाढला आणि या जिवांची भरभराट झाली. नमुन्याचं पाणी काही काळ स्थिर ठेवलं तेव्हा ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. लोणारचा नेहमीचा हिरवा रंग तरी कोणाचा? तोही आर्थ्रोस्पायरा नावाच्या, स्प्रिंगसारखा पीळ असलेल्या सूक्ष्मजीवाचा. म्हणजे रंग बदलला त्यात ना कोप होता, ना करणी. एका वस्तीची बहार ओसरली आणि दुसरीची आली, इतकंच.

वाचकहो, खरी गोष्ट इथे आहे. लोणारची ओळख म्हणजे उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण सरोवराचा जीव त्या न दिसणाऱ्या रहिवाशांत आहे. त्यांना खारं, तीव्र सामूचंच पाणी लागतं. गावाचं सांडपाणी आत जात राहिलं, गोड्या पाण्याचा भार वाढला, तर विवर तसंच दिसेल, देवळं तशीच दिसतील, पण आतली वस्ती उठेल. जे दिसत नाही ते गेलं तर त्याची हाकही ऐकू येत नाही. खारपाण पट्ट्यातल्या माणसाला खारं पाणी म्हणजे शाप वाटतो, ते बरोबरच आहे. पण लोणारचं खारेपण हीच त्याची संपत्ती.

आपल्या वावरात काय?

लोणार दूर असेल तर वावरातच पाहा. सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की ओल असताना एक झाड हळूच मुळासकट खणून काढा. मुळांवर मोहरी-वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. त्याला रोग समजू नका. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर समजा, रायझोबियमचे जिवाणू कामावर आहेत. हवेतला नत्र पकडून झाडाला देत आहेत. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर त्यांचं काम सुरू नाही किंवा संपलं आहे. पुढच्या पेरणीला बियाण्याला जिवाणू खताची प्रक्रिया करायची की नाही, हे ठरवायला ही पाहणी कामी येते. त्यासाठी फुटकी कवडी लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग जवळ असलं तर पानाखालची लाल कोळी आणि फुलकिडेही वेळेत दिसतात.

आणि एक विचारावंसं वाटतं. तुमच्या गावच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर तो कपाटाबाहेर कधी निघाला होता? शाळा समितीच्या बैठकीत गुरुजींना एकदा विचारा. नाल्यातलं चमचाभर पाणी, धांड्याचा एक काप, सोयाबीनच्या गाठीचा थेंबभर रस, एवढं सामान पुरतं. आघारकरांनी आयुष्यभर ज्या नजरेने काम केलं, ती नजर काही मालवण, बर्लिन किंवा पुण्याचीच मिरासदारी नाही. ती लोणार, मेहकर, सिंदखेड राजा, संग्रामपूरच्या पोरांनाही येईल. फक्त कुलूप उघडायला हवं.