डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

मालवणला १८८४ साली जन्मलेल्या आघारकरांनी तरुणपणीच सह्याद्रीतील गोड्या पाण्यात जेलीफिश शोधून विद्वानांना चकित केले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्धता भोगूनही त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा बंगालची तळी जलपर्णीने गुदमरत होती. फुले देखणी, पण तिच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि मूळच्या पाणवनस्पती मरतात. तिचे परागण व बीजधारणा यांचा सहकाऱ्यासह केलेला अभ्यास त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रश्न कळीचाच होता. कारण जलपर्णी उपसली तरी गाळातले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि तळे पुन्हा व्यापते. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली, तिची धुरा त्यांनी १९६० मधील निधनापर्यंत वाहिली.