विश्लेषण : श्रावणातल्या कहाण्यांना चित्ररूप देणारे धुरंधर कोण होते?

श्रावण आला की कडा-आष्टीपासून कोल्हापूरपर्यंत घरोघरी कहाण्या वाचल्या जातात. आदित्यराणूबाईची, खुलभर दुधाची, नागोबाची. आजीच्या तोंडून ऐकलेल्या या कहाण्या १९१४ मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजी बालवाचकांपर्यंत पोहोचल्या. पुस्तकातील चित्रे होती महादेव विश्वनाथ धुरंधर यांची.

कोल्हापूर ते मुंबई

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्राला १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. विषय दूरचा नव्हता, घरातलाच होता.

घर हीच चित्रशाळा

शिक्षण युरोपीय पद्धतीचे, पण चित्रांतली माणसे ओळखीची, हे धुरंधरांचे वैशिष्ट्य. पत्नी गंगूबाई त्यांच्या चित्रांसाठी मॉडेल म्हणून बसत. आपल्या समाजातील लग्ने, सणवार, नऊवारी नेसण्याची ढब, अंगावरचे दागिने त्यांनी बारकाईने टिपले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसेही त्यांच्या रेखाटनांत आली. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही त्यांची चित्रे असलेली आणखी दोन पुस्तके.

कहाण्यांचे पुस्तक महत्त्वाचे का?

या कहाण्या इंग्रजीत सांगणारे सी. ए. किंकेड हे ब्रिटिश सनदी अधिकारी. पुस्तक त्यांनी आपला लहान मुलगा डेनिस याला अर्पण केले. हाच डेनिस मोठेपणी शिवचरित्राचा लेखक झाला. सातासमुद्रापलीकडच्या मुलांसाठी ही चित्रे एखाद्या परक्या चित्रकाराने काढली असती, तर कहाणीतली राणी आणि म्हातारी कल्पनेतूनच उतरली असती. धुरंधरांना ती कल्पावी लागली नाही. व्रते करणाऱ्या, कहाणी ऐकणाऱ्या बायका त्यांनी घरीदारी पाहिलेल्या होत्या.

मान मिळाला, पण उशिरा

जे. जे.मध्ये त्यांची ४१ वर्षे गेली. तेथे भारतीय माणसाच्या हाती संस्थेची सूत्रे येणे सोपे नव्हते. निवृत्तीच्या तोंडावर, १९३० च्या सुमारास, ते प्रभारी संचालक झाले. हे पद सांभाळणारे ते पहिले भारतीय. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात त्यांनी तो काळ नोंदवला. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

कन्या अंबिका याही जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झाल्या. वडिलांच्या आठवणी त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’मध्ये लिहून ठेवल्या. शंभर वर्षांपूर्वी मराठी घर कसे दिसत होते, तिथल्या बायका कशा नेसत होत्या, हे आज पाहायचे तर धुरंधरांच्या चित्रांकडेच वळावे लागते.