दाहाचा उगम शोधणारे रोशा ए सिल्वा

सर्पदंशानंतर रक्तदाब का कोसळतो, याचा महत्त्वाचा धागा ब्राझीलचे औषधशास्त्रज्ञ मॉरिसिओ रोशा ए सिल्वा यांनी उलगडला. १९१० मध्ये जन्मलेल्या सिल्वा यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पण ते रमले संशोधनात. १९४९ मध्ये साओ पावलो येथे बेराल्डो व रोझेनफेल्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की जराराका सापाच्या विषातील विकर रक्तातील प्रथिनापासून ‘ब्रॅडिकायनिन’ मुक्त करते. रक्तवाहिन्या रुंदावून वेदना व सूज निर्माण करणारा हा पदार्थ विषाचा नव्हे, तर रुग्णाच्याच शरीराचा होता. दाहाच्या अभ्यासाला यातून नवी दिशा मिळाली. पुढे त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढविणारे घटक गवसले आणि त्यातूनच रक्तदाबावरील ‘कॅप्टोप्रिल’ची वाट खुली झाली. १९८३ मध्ये सिल्वा निवर्तले.