मुंबईला शेअर्सचं वेड लावणारा माणूस कंगाल झाला, पण त्याच्या आईच्या नावाचा टॉवर आजही उभा आहे

कोल्हापूरहून मुंबईला गेलेला माणूस ओव्हल मैदानावर उभा राहून एक फोटो काढतोच. मागं राजाबाई टॉवर, पुढं आपण. फोटो स्टेटसला लागतो आणि विषय संपतो.

पण ही राजाबाई कोण, आणि टॉवरचे पैसे आले कुठून?

उत्तर शोधायला गेलं की हाती लागतो १८६५ चा शेअर घोटाळा आणि त्याच्या मधोमध उभा असलेला माणूस, प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद मूळचे सुरतेचे. जन्म १८३१ चा, घर जैन व्यापाऱ्याचं. वडिलांसोबत ते लहानपणीच मुंबईत आले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ओळख सांगितली जाते. गोऱ्या साहेबाशी दुभाष्याशिवाय बोलणारा दलाल म्हटल्यावर धंदा वाढणारच होता.

पण त्यांचं नशीब खरं फिरवलं ते हजारो मैलांवरच्या एका युद्धानं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालायच्या. तो कापूस बंद झाला आणि गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानाकडं मोर्चा वळवला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या-उशा फाडून कापूस विकला असं सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला.

आता एवढ्या पैशाचं करायचं काय? तर रोज नवी कंपनी काढायची आणि तिचे शेअर्स विकायचे. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रिक्लमेशन कंपनी. तिचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांपर्यंत गेला. समुद्र बुजायचा होता, पण भाव आधीच आभाळाला टेकले होते.

या सगळ्या खेळात प्रेमचंद यांचा शब्द म्हणजे हुकूम. कुठला शेअर चढणार हे त्यांच्या हालचालींवरून ठरायचं. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली बँक, पण तिथंही त्यांचं वजन होतं. १८६३ च्या नव्या कायद्यानं या बँकेवरची जुनी बंधनं सैल केली होती. मग शेअर्स तारण ठेवून कर्ज घ्यायचं आणि त्या कर्जातून आणखी शेअर्स घ्यायचे असं चक्र सुरू झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळा बाजार उधारीवर उभा होता.

याच तेजीत, १८६४ साली, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. त्यानंतर आणखी २ लाख दिले ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. आईचं नाव राजाबाई.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पूर्ण करायचा दिवस होता. त्या दिवशी ना घेणाऱ्याकडं पैसे होते, ना विकणाऱ्याकडं. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढं ८७ रुपयांवर आला. मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळं काढलं, आणि खुद्द प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत.

१८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बुडाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. सैल झालेला कायदा, बँकेच्या सचिवांचा गैरकारभार, डोळे मिटून बसलेले संचालक आणि प्रेमचंद यांचा प्रभाव, असं सगळंच उघड्यावर आलं.

असंच प्रकरण पुढं फ्रान्समध्ये घडलं. सुएझ कालवा काढणारा हिरो फर्डिनांड द लेसेप्स पनामा कालवा खणायला निघाला. १८८९ मध्ये त्याची कंपनी बुडाली आणि सुमारे ८ लाख फ्रेंच गुंतवणूकदार फसले. १८९३ साली पॅरिसमध्ये खटला चालला. वर्तमानपत्रात फोटो छापणं तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून चित्रकार कोर्टात बसून आरोपी, वकील, न्यायाधीश यांची रेखाटनं करायचे. लेसेप्स आणि त्याच्या मुलाला ५ वर्षांची, तर आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव आयफेललाही २ वर्षांची शिक्षा झाली. नंतर वरच्या कोर्टानं ती रद्द केली. पण तोपर्यंत पडलेल्या हिरोचं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

प्रेमचंद यांच्या बाबतीत लोकांच्या डोक्यात राहिला तो टॉवर. १ मार्च १८६९ ला त्याची पायाभरणी झाली, म्हणजे देणारा कंगाल झाल्यानंतर. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, जे कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. राजाबाईंची नजर गेली होती आणि सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून त्यांना घंटेचे ठोके उपयोगी पडायचे, असंही सांगितलं जातं.

प्रेमचंद पुन्हा उभे राहिले, पण जुन्या थाटात नाही. १८७५ मध्ये दलालांनी स्वतःची संघटना काढली, तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं. तीच पुढं बॉम्बे स्टॉक एक्सचेंज झाली. १९०६ साली त्यांचं निधन झालं. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि त्यातून पिढ्यान् पिढ्या अभ्यासक घडले.

मग त्यांना म्हणायचं काय, दानशूर की सट्टेबाज? खरं तर दोन्ही. त्यांच्या दानामुळं बुडालेल्यांचे पैसे परत आले नाहीत, आणि त्यांच्या सट्ट्यामुळं ग्रंथालयातली पुस्तकं खोटी ठरली नाहीत. फरक एवढाच की देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं आणि १८६५ मध्ये आयुष्यभराची कमाई गमावलेल्यांची नावं कुठंच राहिली नाहीत.

आज पैसे डबल करून देणारी स्कीम घेऊन कुणी दारात आला, तर पुढच्या वेळी टॉवरसोबतचा तो फोटो एकदा उघडून बघा. अख्खं शहर ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत होतं, तोही त्या पडझडीत बुडालाच होता.